इलेक्ट्रॉनिक तबला सहा महिने वापरला त्याबद्दल (विलंबितवाल्यांनी वाचाच)

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. ह्यातल्या अर्ध्या तक्रारी शेवटी माझ्याच निघाल्या, आणि उरलेल्या अर्ध्या ह्या किमतीतल्या इतर मशीनांनाही लागू पडतील असं मला वाटतं. पुस्तकाएवढी काळी पेटी आहे, वर पाच बटणं, तीन नॉब, एक छोटा डिस्प्ले आणि मात्रेबरोबर (म्हणजे तालाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर) लुकलुकणारा लाल दिवा, किंमत साडेसहा हजारांच्या आत, मिरजेतल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून घेतली. आम्ही सांगलीचे, त्यामुळे तंबोरा असो नाहीतर हार्मोनियमचा भाता, वाद्याचं काही निघालं की पाय आपोआप मिरजेकडे वळतात.

मी गाणं शिकायला लागले एकेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, त्यामुळे घरी तबल्यावर साथीला रोज कोण बसणार, म्हणून हे मशीन. क्लासमध्ये बाईंकडे आठवड्यातून एकदा तबलजी येतात, बाकी सहा दिवस ही पेटी. यमन रागाचा बडा ख्याल चालू आहे, विलंबित (अगदी संथ लयीतला) एकताल, बारा मात्रांचा, आणि सगळं रामायण तिथंच झालं.

झालं असं की क्लासमध्ये तबलजींबरोबर गाताना आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) कसं ऐसपैस वाटायचं, आलाप मांडायला जागा असायची, अकराव्या-बाराव्या मात्रेवरून मुखडा (बंदिशीची समेला नेणारी सुरुवातीची ओळ) उचलायचा म्हणजे उचलायला वेळ मिळायचा, आणि घरी मशीनवर तीच लय लावली की मी आपली गंधारावर रेंगाळतेय तोवर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) अंगावर येऊन आदळायची. एकदा नाही, रोज. मग मी एका गुरुवारी क्लासमध्ये गुपचूप मोबाईलवर स्टॉपवॉच लावून तबलजींचं एक आवर्तन मोजलं, ४८ सेकंद भरलं, म्हणजे बारा मात्रा, प्रत्येकी चार सेकंद, मिनिटाला १५ मात्रा. घरी मशीनवर पण १५ च लावलेले. तरी मशीन पळतंय! दोन आठवडे हे सहन केलं, मग शनिवारी मशीन पिशवीत घालून मिरज गाठली आणि दुकानातल्या काकांना तावातावात सांगितलं की हे फास्ट चालतंय, बदलून द्या.

काकांचं वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी मशीन लावलं, स्वतःचा मोबाईल काढला, समेला स्टॉपवॉच सुरू, पुढच्या समेला बंद. ४८. परत एकदा केलं, ४८. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, मशीनला घाई नस्ती. त्याला कुठं एस्टी पकडायचीय?"

मी म्हटलं, मग मला का तसं वाटतं? तर म्हणाले असं करूया, मशीन बंद करतो, तुम्ही डोळे मिटून मनातल्या मनात ह्याच लयीत बारा मात्रा मोजा, तेराव्याला हात वर करा. मी केला. ३९ सेकंद! मला तर वाटत होतं की मी जास्तच सावकाश मोजतेय. काका हसायला लागले, "मोजताना तुम्हीच पळताय, मग मशीन कसं पळंल?"

आता हे घरी येऊन डोक्यात बसलं, कारण हे दोन्ही एकमेकांच्या उलट आहे ना. मी जर मोजताना पळत असेन तर मशीन मला हळू वाटायला पाहिजे, फास्ट कसं वाटतंय? मग जे मिळेल ते वाचत सुटले (ऑफिसात मार्च एंड चालू असताना, हे बॉसने वाचू नये). आणि कळलं की ह्यात नवीन काहीच नाहीये, कार्ल फिअरॉर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६८ सालीच लिहून ठेवलंय की माणसाला एखादा अवधी परत जसाच्या तसा करून दाखवायला सांगितला तर छोटे अवधी तो लांबवतो आणि मोठे अवधी आखडतो. चार चार सेकंदांची मात्रा म्हणजे आपल्या कानाच्या हिशोबात केवढी मोठी, ती मी आखडली.

आणि दुसरी गोष्ट लक्षाची. वेळेकडेच टक लावून बसलं की वेळ लांबते, लक्ष दुसऱ्या कामात गेलं की आखडते. दुधाचं उदाहरण प्रत्येक घरात आहे, समोर उभं राहिलं की तापता तापत नाही, पाठ वळली की उतू. दुकानात मी नुसती मात्रा मोजत होते, दुधासमोर उभी होते, म्हणून मला वेळ लांब वाटली आणि हात लवकर वर गेला. घरी गाताना माझं सगळं लक्ष गंधार लागला का, तीव्र मध्यम चढा होतोय का ह्याच्यात, मात्रांकडे पाठ, म्हणून सम अचानक उतू आली. नवऱ्याला हे समजावलं तर तो म्हणाला म्हणजे एकूण दोष मशीनचा नाही हे ठरलं ना, मग साडेसहा हजार परत मागायचे नाहीत. असो.

पण मग तबलजींबरोबर असं का होत नाही, तिथंही मी गातच असते की! ह्याचं उत्तर पण काकांनीच दिलं होतं खरं म्हणजे, मला तेव्हा नीट समजलं नव्हतं. ह्या मशीनमध्ये एकताल दोनदा आहे. एक नुसता 'एकताल' आणि यादीत खाली खूप नंतर 'विलंबित एकताल'. मी दुसरा पहिल्याच दिवशी लावून बघितला होता, लय १५ ठेवून, आणि बघते तर धिं वाजला आणि पुढं काही येईचना, मला वाटलं पेटी बंद पडली. कारण त्या तालात मशीन मात्रेचे चार भाग करतं आणि डिस्प्लेवरचा आकडा त्या भागांचा असतो, म्हणजे तिथं ६० लावायचे असतात. मी १५ लावल्यावर आवर्तन झालं १९२ सेकंदांचं, सव्वातीन मिनिटं जवळजवळ, एवढ्या वेळात माझा चहा होतो. माहितीपुस्तकात ह्याबद्दल एक ओळ नाही, आणि ही खरी तक्रार, हिला मी माझ्या अंगावर घेणार नाही. तर त्या दिवशी घाबरून मी जी साध्या एकतालावर आले ती तिथंच राहिले.

आता साधा एकताल १५ वर लावला की काय होतं ऐका. धिं वाजतो, मग चार सेकंद काही नाही. परत धिं, परत काही नाही. मग धागे, त्यातला धा आणि गे दोन दोन सेकंदांवर. मग तिरकिट, आणि ही तर गंमतच, ति... र... कि... ट... एकेक अक्षर एकेका सेकंदावर, नळ नीट बंद न केल्यावर बादलीत पडतं तसं. हा ठेकाच नव्हे, हे थेंब आहेत. काकांनी विलंबित एकताल काढला, ६० लावले, आणि स्टॉपवॉच धरला. ४८ सेकंदच! सेकंदाचाही फरक नाही. पण ह्यावेळी धिंनंतर मधे डग्ग्याची हलकी घुमक, मात्रेच्या शेवटच्या भागात बारीक तिरकिट, असं भरत भरत ते चाललं होतं, आणि मला चक्क वाटलं की लय उतरवली. मी विचारलं पण, काका लय कमी केली का? त्यांनी फक्त मोबाईल पुढं धरला.

ह्याचंही शास्त्र आहे आणि फार जुनं आहे, आवाजांनी भरलेला अवधी तेवढ्याच रिकाम्या अवधीपेक्षा लांब वाटतो. आमचे तबलजी ह्याला नुसतं 'भरणं' म्हणतात. मी आत्तापर्यंत समजत होते की भरणं म्हणजे तबलजींची हौस, हात शिवशिवतात म्हणून मधे काहीतरी वाजवतात. तसं नाहीये, पोकळी तशीच सोडली तर गाणाऱ्याला तिचा अंदाजच येत नाही. पॉल फ्रेस म्हणून फ्रेंच मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं सगळं आयुष्य ताल आणि काळ ह्यावर गेलं, त्यांचं म्हणणं की दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण दोन सेकंदांच्या आसपास गेलं की ते ठोके कानात एकमेकांना जोडलेच जात नाहीत, ताल म्हणून ऐकू येत नाहीत, सुटे सुटे आवाज होतात. चार सेकंदांची मात्रा घेऊन बडा ख्याल मांडणारे आपले लोक म्हणजे ह्या हद्दीच्या दुप्पट बाहेर जाऊन बसलेत, आणि मधे तिरकिट पेरून परत आत आलेत. मला हे वाचून तबलजींबद्दलचा आदर इतका वाढला की पुढच्या गुरुवारी त्यांना दोन कप चहा दिला.

तर पहिला मुद्दा ज्यांना नुसता सल्ला हवाय त्यांच्यासाठी: विलंबितला साधा ताल आकडा कमी करून वापरू नका, विलंबित नावाचाच ताल शोधा आणि चौपट आकडा लावा. एवढं कोणी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मिरजेची एक खेप वाचली असती, पण मग काका भेटले नसते.

आता आवाजाबद्दल. तबल्याचा आवाज चांगला आहे, चाट छान, ना स्वच्छ, तू मधुर. डग्गा मात्र मार खातो. खऱ्या डग्ग्यावर घे वाजला की त्याची आस मागे रेंगाळते, खाली जाते, मनगटाने दाबली की वर चढते, इथं तो सेकंदाच्या आतच कापलाय, कात्रीने. जलद तीनतालात कळतच नाही कारण पुढचा बोल लगेच त्याच्यावर येऊन पडतो, विलंबितात मात्र कापलेली कड ऐकू येते. खऱ्या डग्ग्याची आसही काही चार सेकंद टिकत नाही हे मान्य, पण ती विरते, तुटत नाही.

इथं माझ्या मुलाने एक उद्योग केला. तो दहावीत आहे आणि अभ्यास सोडून सगळं करतो. त्याने बाईंकडच्या खऱ्या तबल्याचा धा मोबाईलवर रेकॉर्ड केला, बरोबर एक सेकंदाचा तुकडा कापला आणि तोच उलटा फिरवून दुसरी फाईल केली. सुलट धा तुम्हाला माहितीच आहे, एकदम येतो आणि विरत जातो. उलटा धा म्हणजे हूऽऽऽप, लांबून ट्रक येतो तसा वाढत वाढत येतो आणि पटकन तुटतो. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दोन्ही ऐकवले आणि विचारलं जास्त वेळ कुठला वाजला. मी, नवरा, सासूबाई, तिघंही म्हणालो उलटा. दोन्ही एकाच मापाचे, एकच तुकडा! विरत जाणारा आवाज तेवढ्याच लांबीच्या चढत जाणाऱ्या आवाजापेक्षा आखूड वाटतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि एक कारण असं मांडतात की विरणारी शेपटी ही खोलीतली गुंज समजून कान हिशोबात धरत नाही. म्हणजे तबल्याचा प्रत्येक बोल मुळातच कानाला त्याच्या मापापेक्षा आखूड भासणार, आणि ह्या मशीनवाल्यांनी राहिलेली शेपटीपण कापली. सासूबाईंनी मात्र दोन्ही धा ऐकून एवढंच विचारलं की आमटीत मीठ कमी आहे का.

उपाय सोपा आहे, तंबोरा चालू ठेवा. मशीनमध्येच तंबोरा आहे पण तो मला कोरडा वाटला, जवारी (तंबोऱ्याच्या तारेची गुंजणारी झिणझिण) म्हणून काहीतरी चरचर घातलीय, मी वेगळा लावते. तंबोऱ्याचा अखंड आवाज खाली असला की तबल्यातली पोकळी पोकळी राहत नाही. काकांकडे परत गेले होते तेव्हा तोच मोजायचा प्रयोग तंबोरा लावून केला, ह्यावेळी ४४ आले. सुधारणा तंबोऱ्यामुळे की सरावामुळे, देव जाणे.

लाल दिव्याबद्दल लिहायचंच आहे. रात्री अकरानंतर आवाज करता येत नाही (वरच्या मजल्यावर छोटं बाळ आहे), म्हणून मी आवाज बंद करून नुसत्या दिव्यावर मनात गायचा प्रयत्न केला. जमत नाही, सांगून ठेवते. डोळ्याला काळाचं माप नाहीच असं वाटायला लागतं. तेवढाच वेळ आवाज ऐकवला आणि तेवढाच वेळ दिवा दाखवला तर आवाज जास्त लांब वाटतो, हेही तपासलेलं आहे, आणि ह्या दिव्याचं तर लुकलुकणं इतकं क्षणाचं आहे की मात्रा आली कधी गेली कधी पत्ता नाही. पट्टी चालत जाणारा काहीतरी डिस्प्ले दिला असता तर उपयोग होता.

खरं म्हणजे मशीनमध्ये सगळ्यात जास्त काय नाही तर हात. बाई टाळी देतात तेव्हा हात नुसता आपटत नाहीत, उचलतात, हवेत नेतात, सावकाश आणतात, त्या हातावरून आपल्याला कळतं की मात्रा किती उरलीय. मला वाटायचं हा आपला माझा भाबडेपणा, तर त्यावरही अभ्यास निघाला! मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकोम्ब ह्यांनी २००७ मध्ये मरिंबा ह्या वाद्यावर, म्हणजे आपलं काष्ठतरंग समजा, असा प्रयोग छापला. वादक काही सूर लांबलचक हातवारा करून वाजवतात, काही झटक्यात. नुसतं ऐकवलं तर दोन्ही सूर सारख्याच लांबीचे वाटतात. पण वादक दिसत असला की लांब हातवाऱ्याचा सूर ऐकणाऱ्याला खरंच जास्त लांब ऐकू येतो, हाताकडे लक्ष देऊ नका असं बजावून सांगितलं तरी! म्हणजे मैफलीत पहिल्या रांगेत बसण्यासाठी धडपडणाऱ्यांना मी जे हसायचे ते चुकीचं होतं, त्यांना गाणं खरंच वेगळं ऐकू येत असणार. हे कळल्यापासून मी घरी मशीन लावून स्वतःच टाळी देते, आणि हात मुद्दाम मोठा फिरवते. विचित्र दिसतं. फायदा होतो.

आमचे सासरे, दादा, संस्कृतचे मास्तर होते, त्यांनी ह्या सगळ्यावर एकाच वाक्यात पाणी ओतलं. म्हणाले, हे सगळं पक्ष्यांना माहीत आहे. पाणिनीय शिक्षेत (उच्चारांवरचा जुना संस्कृत ग्रंथ) अक्षराच्या मात्रेचं माप असं दिलंय म्हणे: चाष पक्षी, म्हणजे नीळकंठ, एक मात्रा ओरडतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगूस अर्धी. आता विचार करा, घड्याळ नाही, स्टॉपवॉच नाही, तर कान लावायला कावळा दिला, तो कुठंही मिळतो. मी दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन कावळ्याचं काव मोजायचा प्रयत्न केला, पण तो काही समेवर येईना. आणि दादा पुढं असंही म्हणाले की तुम्ही आताचे मराठी लोक बोलताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतच नाही, 'दिन' आणि 'दीन' एकाच लांबीचे म्हणता आणि मग लिहिताना डोकं खाजवता, तुमच्या कानात मात्राच राहिलेली नाही तर एकताल कुठून राहणार. ह्यावर मी काय बोलणार. पण गाताना अक्षर ओढायला लागलं की ते खरंच जाणवतं, बंदिशीच्या वहीत अक्षरापुढं ऽऽऽ काढलेले असतात ना, त्यातला प्रत्येक ऽ भरायला शिकणं हेच तर चाललंय दीड वर्ष.

बाकीचं पटापट. पट्टीचा नॉब सैल आहे, मी काळी चारमध्ये गाते, पंधरा मिनिटांनी बघावं तर किंचित उतरलेलं असतं, त्यामुळे मधेमधे जुळवून घ्या. बॅटरी नाही, अडॅप्टरवरच चालतं, आमच्याकडे लाईट गेली की रियाज बंद, ह्याला फायदा समजायचं की तोटा हे ज्याच्या त्याच्यावर. स्पीकर छोट्या खोलीला पुरेसा. ब्लूटूथ आहे, पण बाहेरच्या स्पीकरला ब्लूटूथने जोडून दिवा बघत गायचा शहाणपणा करू नका, दिवा आधी आणि धा मागाहून येतो, फरक सेकंदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढाच असेल पण एकदा लक्षात आला की डोक्यातून जात नाही. वायर वापरा. कव्हर फालतू, चेन दुसऱ्या महिन्यात गेली. कंपनीच्या हेल्पलाईनला त्या ६० आणि १५ च्या घोळाबद्दल मेल केली होती, उत्तर आलं की कृपया मशीन बंद करून पुन्हा चालू करा.

घ्यावं का? छोटा ख्याल, भजन, नाट्यगीत, तीनताल-झपताल-केरवा करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या. बडा ख्याल करणाऱ्यांनी घ्या, पण आठवड्यातून एकदा तरी माणसाबरोबर गा, आणि दुकानात विलंबित ताल लावून, स्टॉपवॉच घेऊन, एक अख्खं आवर्तन उभ्याने ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानाला माझ्याकडून पाचापैकी पाच, मशीनला साडेतीन. लेहऱ्याबद्दल (तबल्याबरोबर आवर्तनभर फिरत राहणारी धून) आत्ता लिहीत नाही, सारंगीचा आवाज दिलाय त्यात पण तो लावला की आमचं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसतं, त्यामुळे अजून नीट ऐकलेलाच नाही.